खजिना विहीर आणि पाण्याचे राखणदार

इतिहासाची एक जुनी खोड आहे. बांधणाराचें नांव तो लक्षांत ठेवतो आणि राखणाराचें विसरतो. किल्ला कोणीं बांधला, देवालयावर कळस कोणीं चढविला, तलावाचा बांध कोणाच्या कारकीर्दींत घातला गेला, हें शिलालेखांत, बखरींत आणि सनदांत सांपडतें. पण त्या तलावांतला गाळ दर उन्हाळ्यांत कोण काढीत असे, पाण्याची पाळी कोण ठरवीत असे आणि पाळी मोडणाराला जाब कोण विचारीत असे, याविषयीं तोच इतिहास बहुधा मौन धरतो. वास्तविक दगडी काम एकदांच होतें. राखण मात्र रोज करावी लागते. आणि ज्या प्रांतांत पाऊस लहरी असतो, तेथें तर लोकांचें जीवित बांधणारापेक्षां राखणारावरच अधिक अवलंबून असतें. हा विचार आमच्या मनांत प्रथम आला तो बीडच्या खजिना विहिरीच्या कांठावर.

बीड शहराच्या दक्षिणेस सुमारें सहा किलोमीटरांवर, सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याजवळ ही विहीर आहे. बाहेरून पाहणाराला तिचें मोठेंसें कौतुक वाटूं नये, इतकी ती साधी आहे. वर्तुळाकार, प्रशस्त, दगडांत बांधलेली. शिल्पाचा सोस नाहीं, नक्षीचा दिमाख नाहीं. परंतु तिची रचना समजून घेतली म्हणजे माणूस तेथून लवकर हलत नाहीं. जमिनीखालून दोन मार्गांनीं पाणी या विहिरींत येतें व तिसऱ्या मार्गानें तें उताराच्या आधारें बीडकडे, बलगुजर नांवाच्या भागाकडे जाई. मोट नको, रहाट नको, बैल नकोत. तेथली मोठी जमीन या पाण्यावर एके काळीं भिजत असे. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या कारकीर्दींत, म्हणजे १५६५ ते १५८८ या काळांत, बीडची जहागीर ज्या सलाबतखानाकडे होती, त्यानें ही विहीर करविली. आणि काम करणारा स्थपति राजा भास्कर हा होता, असें परंपरा सांगते. ज्या सलाबतखानाची कबर अहिल्यानगरजवळच्या डोंगरावर आहे आणि लोक जिला चुकीनें चांदबिबीचा महाल म्हणतात, तोच हा सलाबतखान.

विहिरीला खजिना हें नांव कां पडलें, याची एक कथा बीडकडे सांगतात. जहागिरीचा वसूल सरकारांत भरावयाचा तो खानानें या कामावर खर्च केला, आणि खजिना कोठें आहे असें विचारणें आलें तेव्हां त्यानें विहिरीकडे बोट दाखविलें. कथा खरी असो वा नसो, ती ज्या लोकांनीं जपली त्यांची पारख खरी आहे. बालाघाटाच्या कुशींत राहणाराला पाण्याहून दुसरा खजिना ठाऊक असण्याचें कारण नाहीं.

हा मुलूख कसा आहे तें थोडक्यांत ध्यानांत घेतलें पाहिजे. जिल्ह्याच्या उत्तरेस गोदावरी आहे, दक्षिणेस मांजरा आहे, आणि दोहोंच्या मध्यें बालाघाटाची डोंगररांग. बिंदुसरा याच डोंगरांत उगम पावते, बीड शहरांतून वाहते आणि पुढें सिंदफणेस मिळून गोदावरीच्या पोटांत जाते. पाऊस सरासरीनें सहाशें-सातशें मिलिमीटर. पण सरासरी हा शब्द मोठा फसवा आहे. एका वर्षीं नदी गांव बुडविते आणि पुढच्या वर्षीं तिच्या पात्रांत झिरे खणावे लागतात. १९८९ च्या जुलैंत याच बिंदुसरेच्या पुरानें बीड शहरांत प्राणहानि व वित्तहानि केली. आणि १९७२, २०१२-१३ व २०१६ हीं दुष्काळाचीं वर्षें याच जिल्ह्यानें सोसलीं. शिवाय खालचा दगड काळा, कठीण. पाणी राहावयाचें तें वरच्या मुरुमांत आणि खडकाच्या भेगांत. म्हणजे जमिनीच्या पोटांतहि सांठा मोठा नाहीं. अशा भूमींत पाणी हें एकट्यादुकट्याचें असूंच शकत नाहीं. एकाच्या शेताखालची भेग दुसऱ्याच्या शेताखालून आलेली असते.

खजिना विहिरीची खरी थोरवी आम्हांला येथेंच दिसते. ती विहीर म्हणजे पाण्याचा सांठा नव्हे, ती पाण्याची वाट आहे. जेवढें आंत येईल तेवढेंच बाहेर जाईल, आणि तेंहि उतार देईल तेवढ्याच वेगानें. कोणी कितीहि हांवरा असला, तरी भूमीच्या उतारापेक्षां अधिक पाणी त्याला ओढतां येत नसे. दुष्काळांतहि ही विहीर आटत नाहीं, असा लोकांचा पिढ्यानपिढ्यांचा समज आहे. त्या समजाचें मूळ चमत्कारांत नसून या बंधनांत असावें, असें आम्हांस वाटतें. मोटेचेंहि असेंच होतें. बैल थकत, मोटकरी थकत, आणि तेवढ्या वेळांत विहिरीला झरा भरून काढावयास अवसर मिळे. साधनाचा थकवा हाच पाण्याचा पहिला राखणदार होता.

पण बंधन केवळ साधनांत नव्हतें. भुयारी मार्गांत गाळ सांचतो, मुळ्या शिरतात, एखादा दगड ढांसळतो. विहीर शतकें टिकली याचा अर्थ कोणी तरी त्या मार्गांत उतरत असला पाहिजे. बलगुजरला पाणी पोंचलें म्हणजे तें कोणाच्या वाफ्यांत आधीं व कोणाच्या मागून, हें कोणी तरी ठरवीत असला पाहिजे. त्या माणसांचीं नांवें मागें उरलीं नाहींत. सलाबतखानाचें नांव उरलें, राजा भास्कराचें उरलें. पाट धरणाराचें बुडालें.

बीडमध्येंच सामाईक पाण्याचें दुसरें एक रूप आहे, तें कंकालेश्वराचें. शहराच्या पूर्वेस एका जलाशयाच्या मधोमध हें प्राचीन शिवालय उभें आहे. तें यादवकालीन असावें, असें सामान्यतः मानतात. महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. पाण्याच्या मध्यें देव बसविण्यांत सौंदर्यदृष्टि आहे, हें उघड आहे; परंतु आम्हांला त्यांत एक व्यवहारहि दिसतो. ज्या पाण्याच्या मधोमध देव आहे, त्या पाण्यांत घाण टाकतांना माणसाचा हात अडखळतो. जेथें पाटकरी ठेवणें शक्य नाहीं, तेथें आपल्या पूर्वजांनीं श्रद्धेलाच पहाऱ्यावर बसविलें.

पाण्याच्या राखणीची जी व्यवस्था बीडच्या इतिहासांत लुप्त झाली, तिचें नांदतें रूप पाहावयाचें असेल तर खानदेश-नाशिककडील फड पद्धतीकडे वळलें पाहिजे. पांझरा, गिरणा, मोसम, आरम या नद्यांवर ठिकठिकाणीं जुने बंधारे आहेत आणि त्यांच्या पाटांवर कित्येक शतकें ही पद्धति चालत आली. गांवची भिजणारी जमीन तीन-चार मोठ्या भागांत वाटलेली असे. प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडांत एका वेळीं एकच पीक. यंदा या फडांत ऊंस तर त्या फडांत धान्य, आणि पुढें फेरपालट. खुबी अशी कीं, बागाइतदारांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या असत. ज्या वर्षीं बंधाऱ्यांत पाणी थोडें, त्या वर्षीं गांवकरी मिळून ठरवीत कीं यंदा एक फड कोरडा ठेवावयाचा. कोरड्या फडांतहि बहुतेकांची थोडी जमीन असल्यामुळें तोटा एकाच्याच पदरांत पडत नसे. टंचाईची वांटणी ही सुबत्तेच्या वांटणीहून कठीण असते. तीच या लोकांनीं शेताच्या आंखणींत सोडवून ठेविली होती. वर पंच, हाताखालीं पाणी फिरवणारा पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांचा मोबदला गांवानें द्यावयाचा, आणि हंगामापूर्वीं पाट साफ करण्यास बागाइतदारांनीं आपापल्या जमिनीच्या मानानें माणसें पुरवावयाचीं. ही सगळी घडी लेखापेक्षां रिवाजावर अधिक चालत असे.

वाचकांस वाटेल कीं, हें फक्त आपल्याकडील अडाणी काळाचें वैभव. तसें नाहीं. स्पेन देशांतील व्हॅलेन्सिया शहरीं मुख्य चर्चच्या दाराशीं दर गुरुवारीं दुपारीं बारा वाजतां पाण्याची एक पंचायत आजहि भरते. आठ पाटांचे निवडून दिलेले प्रतिनिधि, जे स्वतः शेतकरीच असतात, न्यायास बसतात. वकील नाहीं, लेखी कैफियत नाहीं. तक्रार तोंडीं, साक्ष तोंडीं, निकालहि तेथल्या तेथें. या न्यायपीठाची परंपरा मध्ययुगापर्यंत जाते, आणि २००९ सालीं युनेस्कोनें तिची मानवजातीच्या वारशांत गणना केली. म्हणजे मोसमच्या कांठचा पंच आणि व्हॅलेन्सियाचा पंच एकमेकांस न पाहतां एकाच निर्णयाला आले होते: पाण्याचा तंटा पाणी वाहतें तेथेंच मिटला पाहिजे, आणि तो पाणी वापरणारानेंच मिटविला पाहिजे.

येथवर वाचून कोणी जुन्या काळाच्या स्तुतींत रमणार असेल, तर त्याला आम्ही एका क्षणासाठीं महाडला नेतों. जें पाणी गांवाचें म्हणून आपण गौरवितों, तें सगळ्या गांवाचें कधींच नव्हतें. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस मोकळे असावेत असा ठराव मुंबई कायदे कौन्सिलांत १९२३ सालीं झाला. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं आपलें चवदार तळें त्याप्रमाणें खुलें केल्याचें जाहीर केलें. तरी प्रत्यक्षांत तें बंदच राहिलें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं हजारो अनुयायांसह त्या तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घेतलें. त्यानंतर तळ्याची शुद्धि करण्यांत आली, दावे झाले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागावयास १९३७ चा मार्च उजाडला. एका ओंजळीस दहा वर्षें लागलीं! जनावरांना जें पाणी मोकळें होतें तें माणसांना बंद होतें, आणि ही बंदी अंमलांत आणणारे लोक स्वतःला पाण्याचे राखणदारच समजत होते. तेव्हां राखण याचा अर्थ काय, हा प्रश्न इतका सोपा नाहीं. कोणापासून राखावयाचें, आणि कोणासाठीं? गांवकीच्या पंचाच्या हातीं पाळीचें वेळापत्रक जसें होतें तसाच बहिष्काराचा दंडहि होता. पहिलें आपणांस हवें असेल, तर दुसऱ्याचा हिशेब चुकता केल्याविना तें मागण्याचा अधिकार आपल्याला नाहीं.

आतां ही जुनी घडी मोडली कशी? तिचीं तीन कारणें आम्हांस दिसतात.

पहिलें कारण सरकार. इंग्रजी अमलांत १८७९ सालीं मुंबई इलाख्यासाठीं पाटबंधाऱ्यांचा कायदा झाला आणि नदीनाल्यांचें पाणी कालव्यासाठीं घेण्याचा अधिकार सरकारकडे गेला. विदर्भाच्या पूर्वभागांत, भंडारा-गोंदियाकडे, कोहळी समाजानें बांधलेले हजारों मालगुजारी तलाव होते. तलाव मालगुजाराचा, पण त्याच्या पाण्यावर रयतेचे परंपरागत हक्क. आणि दुरुस्तीचा भार दोघांनीं मिळून वाहावयाचा. १९५०-५१ च्या सुमारास मालगुजारी रद्द झाली. तें न्याय्यच होतें. परंतु तलाव सरकारजमा झाल्यावर गाळ काढण्याची जबाबदारीहि आपोआप सरकारची समजली गेली. जमीनदार गेला, त्याबरोबर राखणदारहि गेला. आणि मालक झालेल्या सरकारला एवढ्या तळ्यांपाशीं दर उन्हाळ्यांत उभें राहणें शक्य नव्हतें.

दुसरें कारण मोठीं धरणें. आमचा त्यांच्याशीं वैरभाव नाहीं. जायकवाडीचा पाया १९६५ सालीं लालबहादूर शास्त्रींच्या हस्तें घातला गेला, १९७६ सालीं इंदिरा गांधींनीं तें धरण राष्ट्रास अर्पण केलें, आणि सिंदफणेवरील माजलगांवचें धरण त्याच योजनेचा दुसरा टप्पा. या पाण्यानें गोदाकांठचें जीवन पालटलें, हें नाकारणें कृतघ्नपणा होईल. पण पाणी जसजसें दुरून येऊं लागलें, तसतसा त्याचा राखणदारहि दूर गेला. पूर्वीं पाटकऱ्याला हांक मारली कीं तो बांधावर येई. आतां अर्ज करावा लागला. मांजरेवरील धनेगांवचें धरण बीड जिल्ह्यांतील केज तालुक्यांत आहे आणि त्याच्यावर तहान भागते लातूर शहराची. तें कोरडें पडलें तेव्हां, २०१६ च्या एप्रिलांत, लातूरकरांसाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. नदीकांठच्या माणसांसाठीं नदीचें पाणी रुळांवरून यावें, ही गोष्ट भावी इतिहासकार नोंदल्याविना राहणार नाहीं.

तिसरें कारण सर्वांत सूक्ष्म, आणि म्हणून सर्वांत घातक. तें आम्ही आमच्या घरच्या गोष्टीवरून सांगतों.

गोदाकांठच्या एका गांवीं आमच्या घराण्याची एक सामाईक विहीर होती. भावाभावांच्या वांटण्या झाल्या तेव्हां जमीन वांटली, गोठे वांटले, भांडीं वांटलीं. विहीर वांटतां येईना. म्हणून पाणी वांटलें. आमच्या आजोबांचा हिस्सा चार आणे. चार आणे पाणी म्हणजे आठ दिवसांतून दोन दिवस मोट आमची. आजोबांच्या पाळीचा दिवस संपला कीं मोटेचें चामडें उतरवून ठेवावयाचें, मग वाफा अर्धा भिजलेला असला तरी. आम्ही लहानपणीं एकदां विचारलें, “आजोबा, एवढा एक वाफा राहिला, कोण पाहतें आहे?” ते म्हणाले, “विहीर पाहते, बाळ.” त्या वेळीं आम्हांला हें बोलणें गूढ वाटलें. पुढें विजेचा पंप आला. पंप थकेना. मग एका चुलत्यांनीं आपल्या वांट्याच्या शेतांत, विहिरीपासून कांहीं पावलांवर, बोअर घेतली. त्यांनीं कोणतीहि पाळी मोडली नाहीं. विहिरींतलें एक थेंबहि अधिक उपसलें नाहीं. दोन उन्हाळ्यांत विहीर कोरडी पडली. तिसऱ्या वर्षीं आमच्या वडिलांनींहि बोअर घेतली, चुलत्यांच्या बोअरहून खोल. कज्जा झाला नाहीं, कारण कज्जा करण्यास कांहीं उरलेंच नव्हतें. चार आणे हिस्सा कागदावर तसाच राहिला.

आमच्या चुलत्यांना आम्ही दोष देत नाहीं, आणि वडिलांनाहि नाहीं. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे असें मानलें गेलें कीं, आपल्या जमिनीच्या पोटांतलें पाणी काढणें हा ज्याच्या त्याच्या मालकीचा हक्क आहे. उघड्या विहिरीचें पाणी डोळ्यांना दिसे, म्हणून त्याचे चार आणे करतां येत. खडकाच्या भेगेंतलें पाणी कोणालाच दिसत नाहीं, म्हणून तें ज्याचा पाइप खोल त्याचें. सामाईक संपत्ति अदृश्य झाली कीं सामाईक नीतीहि अदृश्य होते.

असें झालें म्हणजे विद्वान लोक दोन उपाय सुचवितात: सगळें सरकारच्या हवालीं करा, किंवा सगळें खासगी मालकीचें करा. गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६८ सालीं सामाईक कुरणाचा दृष्टान्त देऊन, जें सर्वांचें तें अखेर उद्ध्वस्त होणारच, असें मांडलें आणि पुष्कळांस तें पटलें. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीनें मात्र जगांतल्या पाटांचे, कुरणांचे आणि मासेमारीच्या ठिकाणांचे प्रत्यक्ष दाखले तपासून १९९० सालीं आपला ग्रंथ लिहिला. त्यांत व्हॅलेन्सियाचे पाटहि आहेत. जेथें हद्द स्पष्ट आहे, नियम वापरणारांनींच केले आहेत, देखरेख त्यांचीच आहे आणि दंड लहानापासून चढत्या श्रेणीनें आहे, तेथें सामाईक संपत्ति शतकानुशतकें टिकते, असें तिनें दाखविलें. २००९ सालीं तिला अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तो मान मिळविणारी ती पहिली स्त्री. पांझरेच्या कांठच्या एखाद्या वृद्ध पंचाला हें ऐकविलें असतें तर तो म्हणाला असता, यांत नवें तें काय?

आपल्या राज्यांतहि हें शहाणपण हळूहळू परत येत आहे. २००५ सालीं शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे पाटाचें व्यवस्थापन सोंपविणारा कायदा झाला. त्याच्या आधींच नाशिक जिल्ह्यांत वाघाडच्या शेतकऱ्यांनीं अशा संस्था उभारून दाखविल्या होत्या. भूजलाच्या नियमनाचाहि कायदा झाला आहे. पण कायद्याहून बोलका दाखला शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारचा. १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या पुढारीपणाखालीं त्या गांवानें ठरविलें कीं शेतीसाठीं बोअर घ्यावयाची नाहीं, अति पाणी पिणारीं पिकें घ्यावयाचीं नाहींत, आणि दर वर्षीं पावसाचा जमाखर्च ग्रामसभेंत मांडून मगच पेरणीचा विचार करावयाचा. जमिनीखालचें अदृश्य पाणी त्यांनीं आंकड्यांच्या रूपानें पुन्हां सर्वांच्या डोळ्यांपुढें आणलें. फडाचे पंच उघड्या पाटावर जें करीत होते, तेंच यांनीं भूमीच्या पोटांतल्या पाण्याविषयीं केलें. शिवाय ग्रामसभेचा पंच आणि जुन्या गांवकीचा पंच यांत एक मोठा भेद आहे: कायद्यानें तरी ग्रामसभेच्या दारांतून कोणाला परत पाठवितां येत नाहीं. चवदार तळ्याचें ऋण फेडण्याची संधि आपणांस येथेंच आहे.

आम्ही खजिना विहिरीवर शेवटचे गेलों तेव्हां बरोबर कांहीं विद्यार्थी होते. त्यांतल्या एकानें विचारलें, “सर, ही कोणीं बांधली?” आम्हीं सलाबतखानाचें नांव सांगितलें, राजा भास्कराचें सांगितलें, मुर्तजा निजामशहाचा काळ सांगितला. त्यानें वहींत टिपून घेतलें. मग तो थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “आणि आतां ही कोणाकडे आहे?”

इतक्या वर्षांच्या अध्यापनांत यापेक्षां चांगला प्रश्न आम्हांला कोणीं विचारल्याचें स्मरत नाहीं. त्याचें उत्तर आम्हांला तेव्हां देतां आलें नाहीं. परत येतांना बलगुजरच्या बाजूला दृष्टि गेली, आणि आजोबांचे शब्द आठवले. विहीर पाहते आहे.